पर्णशाकांतील फोलेट आणि बृहदांत्राचा कर्करोग

हिरव्या पानांतील द्रव्यांमुळे बृहदांत्राचा कर्करोग टळतो, अशा आशयाची माहितीपत्रके चिकित्सालयांतून व औषधी दुकानांतून वारंवार दृष्टीस पडतात. अशा द्रव्यांपैकी फोलेट या एकाच द्रव्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. कारण काचपात्रातील व प्राण्यांवरील प्रयोगांपलीकडे जाऊन माणसांवर त्याची दीर्घकाळ परीक्षा झालेली आहे.

फोलेटच्या इतिहासाचा आरंभ मुंबईत झाला, हे अनेकांस ठाऊक नसते. डॉ. ल्यूसी विल्स यांनी येथील गरोदर गिरणीकामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले व 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नामकरण झाले.

पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएमधील थायमिन हा घटक तयार होण्यास फोलेट आवश्यक असते. त्याची उणीव असल्यास थायमिनच्या जागी युरॅसिल बसते, साखळी तुटते व सदोष पेशी निर्माण होतात. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होत असल्याने तेथे ही उणीव विशेष बाधते. परंतु अर्बुदाच्या पेशींनाही वाढीसाठी हेच द्रव्य लागते. १९४८ मध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी फोलेटविरोधी औषध देऊन बालकांच्या रक्तकर्करोगात तात्पुरता उतार मिळविला, तो याच कारणाने. एकच द्रव्य निरोगी अस्तराचे रक्षण करते आणि अंकुरलेल्या अर्बुदाचे पोषणही करू शकते.

ही शंका केवळ तर्काची नव्हे. आतड्यातील अंकुर पूर्वी काढलेल्या १,०२१ व्यक्तींवरील अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत नवे अंकुर कमी झाले नाहीत. उलट दुसऱ्या तपासणीत प्रगत स्वरूपाचे अंकुर ११.६ टक्के व्यक्तींत आढळले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.९ टक्के होते. पुढे २०१३ मध्ये सुमारे ५०,००० व्यक्तींवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढलेही नाही व घटलेही नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण प्रतिबंधाचा दावा करण्यासही आधार नाही.

औषधनिर्मात्यांनी येथे मात्रेचा विचार करावा. १ मिलिग्रॅम फोलेटसाठी अर्धा किलोहून अधिक कच्चा पालक लागेल आणि गोळीतील फॉलिक आम्ल भाजीतील फोलेटपेक्षा अधिक शोषले जाते. याउलट उन्हात वाळविलेल्या पानांच्या चूर्णात फोलेट फारसे उरत नाही, कारण उष्णता व प्रकाश त्यास मानवत नाहीत. शिवाय कर्करोगाचे नाव १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत आहे, हे वेष्टनावरील मजकूर लिहिताना ध्यानात असावे.

चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात शाक उकडून, रस पिळून व स्नेहयुक्त करून खाणे प्रशस्त मानले आहे. फोलेट पाण्यात विरघळते, त्यामुळे ते पिळलेल्या रसासोबत निघून जाते. मंदाग्नीच्या रुग्णास शास्त्रोक्त विधीच योग्य, असे आमचे मत आहे. इतरांनी चवळई, मेथी, पालक यांची भाजी थोड्या पाण्यात झाकून शिजवावी किंवा ते पाणी आमटीत घालावे. थाळीतील भाजीबाबत वरील शंका लागू होत नाही. भाजीसोबत तंतूही मिळतात आणि तंतुमय आहाराने या रोगाची शक्यता घटते, यास पुष्कळ आधार आहे.

चिकित्सकांनी दोन प्रसंगी विशेष दक्ष राहावे. कॅपेसिटाबिन अथवा फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल घेणाऱ्या रुग्णास फॉलिक आम्लयुक्त टॉनिक दिल्यास त्या औषधांची विषारता वाढते. अतिसार व मुखपाक बळावतात. म्हणून आधी चालू औषधांची चिठ्ठी पाहावी. दुसरा प्रसंग अधिक नेहमीचा. पन्नाशीपुढील रुग्णास पांडुता आली, मलप्रवृत्तीची सवय बदलली किंवा मलातून रक्त जाऊ लागले, की अर्श समजून अर्शोघ्न योग आणि पालेभाज्यांचे पथ्य सुरू होते. अशा रुग्णाची गुदपरीक्षा त्याच दिवशी करावी, हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासून घ्यावे आणि अर्श स्पष्ट दिसत असले तरी त्यास दुर्बिणीद्वारे बृहदांत्राच्या तपासणीसाठी पाठवावे.