कोयीचा जमाखर्च

(मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, रत्नागिरीतील एका घराच्या पडवीत हापूसच्या बाठ्यांच्या राशीशेजारी बसून, रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांचे शेजारी वैद्यबुवा यांच्यात झालेले हे संभाषण.)

वैद्य : प्रोफेसरसाहेब, आमच्या पुष्यानुग चूर्णात आंब्याच्या कोयीचा गर आणि जांभळाची बी ही दोन्ही पडतात, आणि अतिसारावर कोय सहाणेवर उगाळून देण्याची चालही जुनीच आहे, परंतु परवा एक गृहस्थ सांगत होते, की या गरात उत्तम प्रथिने असतात आणि गुण येतो तो त्यांच्यामुळेच. हे कितपत ग्राह्य धरावे?

प्राध्यापक : प्रथिने आहेत, याविषयी वाद नाही, वाळलेल्या गराच्या शंभर भागांत सहा-सात भाग, म्हणजे जवळजवळ तांदळाइतकीच. पण हा आकडा ठोकळ हिशेबाचा. १८८३ साली केल्डाल या डॅनिश रसायनज्ञाने घालून दिलेल्या रीतीने आपण केवळ नत्र मोजतो, आणि प्रथिनात ते शेकडा सोळा असते असे मानून आलेल्या संख्येस ६.२५ने गुणतो. तालुक्याचा एकूण वसूल कळावा, पण कोणत्या खातेदाराने किती भरला ते कळू नये, तशातला हा प्रकार.

वैद्य : मग खातेफोड कशी करता?

प्राध्यापक : गरातील तेल आधी काढून टाकावयाचे, मग ते पीठ हायड्रोक्लोरिक आम्लात घालून, हवा काढून बंद केलेल्या काचनळीत ११० अंशांवर चोवीस तास ठेवावयाचे, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्या तुटून अमिनो आम्ले सुटी होतात. त्या द्रवाचा थेंब गाळणकागदाच्या कोपऱ्यावर ठेवून कागदाची कड योग्य द्रावकात बुडविली, की द्रावक पुढे सरकताना प्रत्येक आम्लास कमीअधिक वेगाने ओढून नेते. आणि कागद वाळवून, त्यावर निनहायड्रिन फवारून ऊब दिली, की कोऱ्या कागदावर जांभळे ठिपके उमटतात, प्रोलीनचा तेवढा पिवळा. ज्या तत्त्वावर हे चालते, त्याबद्दल मार्टिन व सिंज यांना १९५२चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मूर व स्टाइन यांनी हेच काम यंत्राकडे सोपविले. रंगाच्या गडदपणावरून ते प्रत्येक आम्लाचे प्रमाण सांगते.

वैद्य : आणि कोयीत कोणाची बाकी भरघोस निघते?

प्राध्यापक : ल्युसीन, व्हॅलीन आणि लायसीन यांची; पैकी लायसीन तर आपल्या तांदूळ-गव्हात उणे पडणारे. मात्र तक्ता वाचताना सावध असावे. ट्रिप्टोफॅन त्या आम्लातच नष्ट होते, म्हणून त्यापुढे शून्य दिसले तरी ते कोयीत नव्हतेच असा दाखला देता येत नाही. त्याची मोजणी क्षार वापरून निराळी करावी लागते.

वैद्य : तर मग कोयीचे पीठ भाकरीत घालावयास हरकत नसावी!

प्राध्यापक : जरा ही विळी पाहा. आताच बाठा फोडून त्यातला गर चिरला, तो पाते निळेकाळे पडले. गरातील टॅनिनाचा लोखंडाशी संयोग झाला. जुन्या काळची शाई याच संयोगातून होत असे. हेच तुरट द्रव्य आतड्याच्या अस्तरावरील प्रथिनांना आवळते, आणि तुमच्या औषधाचा स्तंभक गुण मुख्यतः त्यातूनच येतो. पण तेच कोयीच्या स्वतःच्या प्रथिनांनाही जखडून ठेवते आणि पाचकरसांना त्यांच्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही. आमच्या काचनळीतील उकळते आम्ल ती जखड मोडते. जठराजवळ तेवढे सामर्थ्य कोठले?

वैद्य : म्हणजे तुमचा तक्ता कोयीत काय आहे ते सांगतो, देहाला काय मिळेल ते नव्हे.

प्राध्यापक : नेमके तेच. गर चिरून, वारंवार पाणी बदलून भिजविला, तर तुरटपणा बराच उतरतो व तो अन्नाच्या कामी येऊ शकतो. पण त्याबरोबर त्याचे औषधपणही पाण्यात जाते. औषध हवे असेल तर तुरटपणा राखावा, अन्न हवे असेल तर तो धुऊन काढावा; दोहोंची जमा एकाच खात्यावर दाखविणे, वैद्यबुवा, हा खोटा हिशेब होय.