घटक ७ : तरुणांसाठी लोकप्रिय संगीताचे मासिक – वाचक, भाषा आणि मांडणी

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• नियोजित मासिकाचा वाचक आणि प्रयोजन नेमकेपणाने सांगता येईल.
• प्रमाण मराठी व बोली यांच्या वापराविषयी संपादकीय धोरण लिहिता येईल.
• बत्तीस पृष्ठांच्या अंकाची पृष्ठयोजना तयार करता येईल.
• प्रताधिकार व नोंदणी यांविषयीच्या प्राथमिक अटी स्पष्ट करता येतील.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नियतकालिकाच्या संपादनाची सर्वसाधारण तत्त्वे अभ्यासली. आता ती एका प्रत्यक्ष कामाला लावून पाहू. अठरा ते पंचवीस वयाच्या मराठी वाचकासाठी लोकप्रिय संगीताचे एक मासिक आपल्याला आखायचे आहे. ‘लोकप्रिय संगीत’ या संज्ञेत चित्रपटगीत, अल्बम, रॅप, भीमगीत, कोळीगीत आणि मिरवणुकीतील बँड या सर्वांचा समावेश येथे केला आहे.

मराठीत शास्त्रीय संगीताला वाहिलेले ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७ पासूनचे आहे. ‘रसरंग’, ‘चंदेरी’ यांसारख्या चित्रपटविषयक नियतकालिकांनी गाण्याची दखल घेतली. परंतु त्यांचा केंद्रबिंदू पडदा आणि पडद्यावरील चेहरे हाच राहिला. गाणे रचणारी, वाजवणारी आणि ध्वनिमुद्रित करणारी माणसे बहुधा चौकटीबाहेर राहिली. आपल्या मासिकाची जागा नेमकी तेथे आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ वाचक आणि प्रयोजन

मासिकाचा आकार, रंग किंवा नाव ठरवण्यापूर्वी संपादकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : गाणे फोनवर मिळत असताना वाचक आपला अंक का उघडेल?

हा प्रश्न टाळला तर काय होते, हे एका परदेशी उदाहरणावरून समजते. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘स्मॅश हिट्स’ हे तरुणांचे मासिक सुरू झाले. गाजणाऱ्या गाण्यांचे शब्द छापणे हे त्याचे मोठे आकर्षण होते. ऐकलेले शब्द नीट कळावेत, ही त्या काळातील श्रोत्यांची खरी गरज होती. पुढे ती गरज इतर साधनांनी भागवली आणि २००६ मध्ये हे नियतकालिक बंद झाले. बंद पडण्यामागे अन्य कारणेही असतात. परंतु केवळ शब्द छापून आज मासिक चालणार नाही, एवढा बोध निश्चित घेता येतो.

मग आजची गरज कोणती? २०२४ साली संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे घराघरांत पोहोचले. ते आपण अनेकदा ऐकले असेल. त्याचे संगीत कोणी सिद्ध केले, हे आपल्याला सांगता येईल का? त्याहून जवळचा प्रश्न असा : आपल्या गावच्या मिरवणुकीत दरवर्षी हलगी वाजवणाऱ्या कलावंताचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? फोन गाणे देतो. गाण्यामागची माणसे सहसा देत नाही.

मराठी गीतपरंपरेने मात्र कर्त्याचे नाव जपण्याची सोय गीतातच केलेली आहे. संतांच्या अभंगांत आणि शाहिरांच्या कवनांत अखेरीस नाममुद्रा येते. वामनदादा कर्डक यांच्या रचनांतही ‘वामन’ ही नाममुद्रा आढळते. गाणे कोणाच्याही तोंडून फिरले तरी कर्ता हरवू नये, ही त्यामागील दृष्टी आहे. आपल्या मासिकाने तेच काम छापील पानावर करावयाचे आहे.

दुसरी गरज परस्परांच्या ओळखीची. १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबाद येथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. महानगरापासून दूर निघणाऱ्या या इंग्रजी मासिकाने देशभर विखुरलेल्या बँडना एकमेकांची माहिती करून दिली.

नियतकालिक महानगरातूनच निघावे लागते असे नाही, याचे आणखी जवळचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून अनेक दशके चालवले. दलित साहित्याला त्याने हक्काचे व्यासपीठ दिले आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून वाचकाला लेखनाकडे वळवले. त्याचा विषय संगीत नव्हता. परंतु वाचकातूनच लेखक घडवण्याची त्याची रीत आपल्याला स्वीकारता येईल.

७.३.२ भाषा

तरुणांचे मासिक म्हटले की भाषा ‘चटपटीत’ हवी, असा समज असतो. त्यापेक्षा ती खरी असावी. २०१६ च्या ‘सैराट’मधील बोली सर्वदूरच्या मराठी श्रोत्यांनी आपलीशी केली. २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅपगटाने प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ सादर केले. गाण्यांनी बोली स्वीकारली असताना त्यांच्याविषयीचे लेखन केवळ ग्रांथिक भाषेत झाले, तर वाचकाला ते परके वाटेल. संपादकीय धोरण म्हणून पुढील तीन नियम उपयोगी पडतील.

पहिला नियम : निवेदन सोप्या प्रमाण मराठीत असावे. मासिक नांदेडलाही वाचले जाईल आणि सावंतवाडीलाही.

दुसरा नियम : मुलाखतीत व्यक्तीचे बोलणे तिच्या बोलीतच ठेवावे. ‘मपलं’, ‘कामून’, ‘लई’ हे शब्द चुकीचे नाहीत. त्यांना ‘माझे’, ‘का’, ‘खूप’ असे बदलू नये. मात्र येथे एक सूक्ष्म अन्याय घडतो, त्याकडे लक्ष द्यावे. खेड्यातील वादकाचे ‘म्हनलं’ जसेच्या तसे छापले जाते; शहरातील संगीतकाराचे अडखळणे, अर्धी वाक्ये आणि ‘यू नो’ मात्र गुपचूप पुसले जातात. परिणामी एक जण गमतीदार आणि दुसरा विद्वान भासतो. दोघेही बोललेच होते. फरक संपादकाच्या लेखणीने केला. म्हणून जो नियम एकाला, तोच दुसऱ्याला लावावा.

तिसरा नियम : रुळलेले परभाषी शब्द देवनागरीत निःसंकोच वापरावेत. ‘बीट’, ‘ट्रॅक’, ‘रिमिक्स’ यांना अवघड पर्याय घडवत बसू नये. त्याचबरोबर ‘ठेका’, ‘लय’, ‘चाल’ हे जिवंत शब्द मागेही टाकू नयेत. ‘चाल’ या शब्दात जी अर्थच्छटा आहे, ती ‘ट्यून’मध्ये पूर्णपणे येत नाही.

७.३.३ पृष्ठयोजना आणि मांडणी

मधोमध तारेने टाचलेल्या अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. कारण कागदाच्या एका घडीतून चार पृष्ठे मिळतात. बत्तीस पृष्ठांच्या अंकाची एक नमुना-योजना अशी :

• आवरण – ४
• अनुक्रमणिका व संपादकीय – २
• मुख्य मुलाखत – ६
• जिल्ह्यांतील वार्तापत्रे – ४
• एक वाद्य, एक वादक – ४
• एका गाण्याची घडण – ३
• नव्या गाण्यांचे परीक्षण – ३
• वाचकांचे लेखन – ४
• जाहिराती – २

प्रत्येक परीक्षणाखाली एक श्रेयपट्टी असावी. तीत गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि ध्वनिमुद्रक यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत. अक्षराचा आकार हेही एक विधान असते.

देवनागरीची मांडणी रोमन लिपीच्या सवयीने करू नये. वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. त्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर हवे. अक्षरे विरळ केल्यास शिरोरेषा तुटते. गडद छायाचित्रावर पांढरी बारीक अक्षरे साध्या छपाईत बुजतात. ‘मुक्त’सारखे विनामूल्य उपलब्ध असलेले देवनागरी टंक मजकुरासाठी वापरता येतात. शीर्षकाच्या अक्षरांनाही व्यक्तिमत्त्व असू शकते, हे कमल शेडगे यांनी केलेल्या नाट्यशीर्षकांच्या अक्षरांकनातून अभ्यासावे. नमुना पान तयार झाल्यावर ते सायंकाळी बसस्थानकाच्या उजेडात वाचून पाहावे. आपला वाचक तेथेच असतो.

७.३.४ कायदेशीर बाजू

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती असते. गीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत तिला संरक्षण मिळते. पूर्ण गीत छापण्यासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. समीक्षेसाठी मर्यादित अवतरणाची मुभा कायद्यात आहे. परंतु ती सर्व गीत छापण्याची पळवाट नव्हे.

१८६७ च्या जुन्या कायद्याऐवजी ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स’ अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात अन्य मालकाने घेतलेल्या शीर्षकाशी आपले शीर्षक मिळतेजुळते नसावे. म्हणून नावाचे किमान तीन पर्याय हाताशी ठेवावेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘स्मॅश हिट्स’च्या उदाहरणावरून कोणता बोध घेता येतो?
२. मुलाखतीचे शब्दांकन करताना दोन व्यक्तींना दोन नियम लावल्याने काय घडते?
३. टाचलेल्या अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत का असते?

७.४ सारांश

मासिकाची आखणी म्हणजे सजावट नव्हे. वाचक कोण, त्याची कोणती गरज आपण भागवणार, कोणाची बोली तशीच ठेवणार आणि कोणाचे नाव छापणार, या निर्णयांची ती मालिका आहे. रंग आणि अक्षररचना या निर्णयांच्या मागोमाग येतात. निर्णय न घेता केलेली सजावट पहिल्या अंकापुरती टिकते.

७.५ पारिभाषिक शब्द

नाममुद्रा : रचनेत गुंफलेले कर्त्याचे नाव.
श्रेयपट्टी : निर्मितीतील सहभागी व्यक्तींची नावे देणारी चौकट.
पृष्ठयोजना : अंकातील पानांची विषयवार वाटणी.

७.६ स्वाध्याय

१. नियोजित मासिकाच्या वाचकाचे वर्णन १५० शब्दांत करा. त्याचे शिक्षण, काम, बोली आणि अंकासाठी तो देऊ शकेल ती किंमत यांचा विचार करा.
२. आपल्या जिल्ह्याला केंद्रस्थानी ठेवून ७.३.३ मधील पृष्ठयोजनेत बदल सुचवा आणि त्यांची कारणे द्या.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्यापैकी कोणी छापखान्यात काम करत असेल, कोणी मोबाइलच्या दुकानात, कोणी स्वतः बँडपथकात वाजवत असेल. तो अनुभव हीच या कार्याची सामग्री आहे. आपल्या परिसरातील एका वादकाची अर्ध्या तासाची मुलाखत घ्या. ती दोन पृष्ठांत, त्याच्या बोलीसह लिहा आणि श्रेयपट्टीत त्याच्या साथीदारांचीही नावे द्या. संपर्कसत्रात आणण्यापूर्वी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवा. ‘हे माझंच बोलणं आहे,’ असे तिला वाटले पाहिजे. जेथे तसे वाटणार नाही, तेथे दुरुस्ती आपल्या लेखनात करायची आहे, तिच्या बोलण्यात नव्हे.