एफ वाजत नाही तेव्हा

गिटार शिकणाऱ्याची उमेद खचते ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि बहुतेकदा एफ या बार कॉर्डपाशी. पेटीची पट्टी दाबली की पहिल्याच दिवशी स्वच्छ स्वर निघतो. पनवेल-उरण पट्ट्यातल्या एखाद्या भजनी मंडळात पेटीवर नव्याने बसवलेल्या पोराला निदान तेवढे समाधान मिळते. गिटारवर प्रत्येक स्वर बोटाने दाबून घडवावा लागतो, आणि एफमध्ये तर्जनीला तारांची अख्खी रांग एकटीने पेलावी लागते. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी मुलाखतींत सांगत की नव्याने शिकणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात वाद्य सोडून देतात. कंपनीने २०१७ मध्ये ऑनलाइन शिकवणी काढली तेव्हाही हाच आकडा पुढे केला गेला. विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा जपूनच घ्यावा, पण नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीतल्या घरांत कपाटांवर चढलेल्या गिटारी पाहता तो फार फुगवलेला वाटत नाही.

वाद्य सोडणाऱ्याला आळशी ठरवणे सोपे असते. क्लासवाल्यांना ते विशेष सोयीचे जाते, कारण फी आगाऊ घेतलेली असते.

सुरुवातीचा बोटांचा त्रास खरा असतो आणि तो टळत नाही. पोलादी तारांनी बोटांची टोके सोलवटतात. रोज थोडे वाजवले तर साधारण दोन ते चार आठवड्यांत कातडी निबर होते. आंघोळीनंतर किंवा भांडी घासून झाल्यावर लगेच वाजवू नये, कारण भिजलेली कातडी लवकर फाटते. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा-दहा मिनिटे दोनदा बसणे बरे. पनवेलहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्याला संध्याकाळी याहून जास्त वेळ मिळतही नाही. मात्र गाडी इथूनच सुटत असल्याने सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता असते, आणि गाण्यात कॉर्ड कुठे बदलते हे कानाने पकडण्याचे काम गाडीत चांगले होते.

महिना उलटूनही दुखणे तसेच राहिले तर मात्र बोटांची चौकशी थांबवून वाद्याची सुरू करावी. तार आणि फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, यांच्यातल्या उंचीला ॲक्शन म्हणतात. साध्या ॲकूस्टिक गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तार दोनच्या आसपास असावी. शाळेतल्या पट्टीनेही हे मोजता येते. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो नट. तो उंच राहिला तर सगळ्यात जास्त छळ पहिल्या फ्रेटवर होतो, आणि एफ नेमकी तिथेच असते. याची परीक्षा अशी: मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावावी, मग पहिल्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवावी. काटा पुष्कळ वर गेला तर नट उंच आहे.

ही परीक्षा पनवेलमधल्या एका क्लासमध्ये कोणीही सांगितली नाही. प्रस्तुत लेखकाला तिथे सांगण्यात आले ते असे: बोटे जाड आहेत, वय झाले आहे, रियाज कमी पडतो. तीन महिन्यांची फी आधीच भरलेली होती आणि गिटारही त्याच क्लासने विकलेली होती. एफ येईपर्यंत पुढचा धडा नाही, असा तिथला नियम. इतर शिकणारे गाणी वाजवू लागले तरी एकाने त्याच एका कॉर्डवर घासत बसायचे. क्लासमध्ये भिंतीवर शिक्षकांची स्वतःची गिटार टांगलेली असे. तिला हात लावायला मनाई होती. त्या मनाईचे कारण पुढे उलगडले.

दादरच्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडे तार बदलायला गेल्यावर त्याने न विचारताच पट्टी लावली. बाराव्या फ्रेटवर जवळजवळ चार मिलिमीटर. नटला कानस लागलेलीच नव्हती. काम चालू असताना वेळ घालवायला त्याने दुसरी एक साधीशी गिटार हातात दिली, आणि तिच्यावर एफ वाजली. सहाही तारा, खरखर न करता. जाड ठरवलेली बोटे तीच होती, वयही तेच. भिंतीवरच्या गिटारीला हात का लावू देत नसत, ते तेव्हा कळले. दुरुस्तीला अर्धा तास लागला आणि खर्च एका महिन्याच्या फीपेक्षा कमी आला. हे क्लासमध्ये सांगितल्यावर उत्तर मिळाले, ‘सगळ्यांच्या गिटारी अशाच येतात, बाकीचे वाजवतातच ना!’ उरलेल्या फीचा विषय निघताच शिक्षकांना दुसऱ्या बॅचची घाई झाली. बाकीच्यांपैकी किती जण अजून वाजवतात, हे त्यांनी कधी मोजले असेल असे वाटत नाही.

ॲक्शन आणि नट नीट करून घेईपर्यंतही मार्ग असतात. पहिली तार ०.०१२ इंचाऐवजी ०.०१० इंचाची घेतली तर तिच्यावरचा ताण सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. त्याच हिशेबाचा हलका संच मागावा. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या तर ताण अकरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावला की पट्टी पुन्हा मूळ जागी येते. एफ वगळूनही गाणी वाजवता येतात. गायकाची पट्टी काळी एक असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए, डी, ई वाजवावेत. पांढरी चार असेल तर तिसऱ्यावर लावून डी, जी, ए. याला पळवाट म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. पूर्ण वाजवलेले एक गाणे माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा गिटारीपाशी आणते. अडलेली कॉर्ड आणत नाही.

पावसाळा हा पनवेलचा वेगळा विषय आहे. जून ते सप्टेंबर दमट हवेने लाकूड फुगते, गिटारीची वरची फळी उचलली जाते आणि उन्हाळ्यात ठीक असलेली ॲक्शन वर चढते. तारा गंजतात आणि बोटांना खरखरीत लागतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. जुलैत अचानक वाजवणे बिघडल्यासारखे वाटले तर स्वतःला दोष देण्याआधी पट्टी काढावी.

धीर धरणे, नियमित बसणे, चांगली संगत शोधणे हे नेहमीचे सल्ले आहेतच. वाईट दिवशी फक्त तारा जुळवून, येते तेच गाणे एकदा वाजवून उठावे. दर आठवड्याला फोनवर एक तुकडा ध्वनिमुद्रित करावा, कारण रोजच्या कानाला प्रगती ऐकू येत नाही. परीक्षांची घाई करू नये: ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत प्रारंभिक पातळीनंतर आठ श्रेणी असतात, आणि हौसेने गाणी वाजवू पाहणाऱ्याचे त्यांच्यावाचून काही अडत नाही.

क्लास निवडताना शिक्षकांनी शिकणाऱ्याची गिटार स्वतः वाजवून पाहिली की नाही, एवढे बघावे. गिटार आमच्याकडूनच घ्या अशी अट असेल तिथे जाऊ नये. फी महिन्याचीच द्यावी, आणि गिटारीची व फीची वेगवेगळी पावती घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, आणि पावती नसेल तर तिथपर्यंतचे एसटीचे भाडेही अंगावर पडते.