बाबांसमोर, पण बाबांना वगळून

प्रश्न : गर्दीच्या ओपीडीत फाईल माझ्या हातात देत डॉक्टर म्हणाले, ‘डिमेन्शिया आहे.’ शेजारी बसलेले ७४ वर्षांचे बाबा आठ दिवस गप्प आहेत. आजार वाढला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, डिमेन्शिया सहसा आठ दिवसांत असा वाढत नाही. बाबांना बहुधा आपल्याला वगळून झालेलं बोलणं लागलंय. या आजारात माणसाला काही कळत नाही, हा गैरसमज. सुरुवातीला पुष्कळ कळतं. पुढची वेळ सकाळची, निवांत मागून घ्या. चष्मा, कानाचं मशीन सोबत असू द्या. डॉक्टरांसमोरची खुर्ची बाबांची. आधी त्यांनाच विचारा, ‘बाबा, किती जाणून घ्यायचंय?’ विसरण्याची इतर कारणं वगळायला बी-१२, थायरॉईड तपासलंय ना? गप्पपणा दोन आठवडे टिकला, तर नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. एकाएकी गोंधळले, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.