एक हाफ, बिनबर्फाचा

रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या दिनविशेषांचा मला आता जरा कंटाळाच आलाय. आज समोशाचा दिवस, उद्या चॉकलेटचा, परवा आइस्क्रीमचा. उसाच्या रसाचा दिवस मात्र अजून कुणी मला पाठवलेला नाही. आपल्या जिल्ह्याला त्याची गरजही नाही म्हणा. होळी झाली, मढीला कानिफनाथांच्या यात्रेची गर्दी सुरू झाली, की नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला रसवंत्यांची छपरं उभी राहतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत रोजच रसाचा दिवस असतो. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला तर अजून बैलाच्या लाकडी घाण्यावरचा रस मिळतो.

तेव्हा मंडळी, या वेळचा सल्ला रसाबद्दल. सल्ला कोरडा लागू नये म्हणून मधे मधे गमतीची माहितीही देतो. ती तुम्ही बिनधास्त पुढे पाठवा. सल्लाही पाठवलात तर उत्तम.

पहिली गंमत आपल्या घरचीच. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालव्याचं पाणी फिरलं आणि अकोले-संगमनेरच्या खालचा, श्रीरामपूर-राहाता-राहुरीचा पट्टा उसाचा झाला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी कारखाना काढला आणि १९५०-५१ च्या हंगामात तिथं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून शाळेत आपण सगळ्यांनीच तो पाठ केलाय. म्हणजे साखर काय असते हे या जिल्ह्याला डॉक्टरांनी शिकवायला नको. तरीही उन्हाळा लागला की दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतोच, ‘डॉक्टर, रस नैसर्गिक असतो. शुगरवाल्याला चालत असेल ना?’

ज्या उसाला साखरेचा उतारा बारा लागला म्हणून आपण पेढे वाटतो, त्याच उसाबद्दल हा प्रश्न. कारखान्यातली साखर याच रसातून निघते. रसवंतीवर ती पोत्यात भरायची राहिलेली असते, एवढाच फरक. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत उसाच्या रसाचा नाव घेऊन उल्लेख आहे: १०० मिलीमध्ये १३ ते १५ ग्रॅम साखर, म्हणून कमीत कमी प्यावा. पाव लिटरचा भरलेला ग्लास घेतला, तर साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली आणि रसातली मिळून साखर मोठ्या माणसानं दिवसाला फार तर ५० ग्रॅम घ्यावी, शक्यतो २५ च्या आत ठेवावी. सकाळचा चहा अजून हिशेबात धरलेला नाही.

‘पण कोल्ड्रिंकपेक्षा तरी बरा?’ साखरेपुरतं बोलायचं तर नाही. कोलाच्या १०० मिलीमध्ये साखर दहा-अकरा ग्रॅम असते, रसात त्याहून जास्त. रसात थोडे क्षार असतात, कोलातलं कॅफीन आणि फॉस्फोरिक आम्ल नसतं, आणि चवीला कोला त्याच्या जवळपासही येत नाही, हे माझंही मत. तरी साखर ती साखर.

मग मधुमेह असलेल्यांनी रस कधीच प्यायचा नाही का? एक वेळ अशी आहे की तेव्हा मीच तो द्यायला सांगेन. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला जेवण लांबलं की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं. अशा वेळी झटकन १५ ग्रॅम साखर पोटात जावी लागते, आणि ती १०० मिली रसात, म्हणजे अर्ध्या ग्लासाहून थोड्या कमी रसात, असते. पंधरा मिनिटं थांबायचं, साखर परत तपासायची, कमीच असेल तर तेवढाच रस पुन्हा द्यायचा. बरं वाटल्यावर चार घास खाऊन घ्यायचे. यात एक खाच आहे, आणि ती फारच थोड्या घरांत माहीत असते. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकारबोज असं नाव असेल, तर ती गोळी उसाच्या साखरेचं आतड्यातलं पचनच लांबवते. मग रस, गूळ, साखर लवकर कामी येत नाहीत. मेडिकलमधली ग्लुकोजची पावडरच लागते. आपलं पाकीट आजच काढून वाचा. आणि माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात रस, पाणी काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

आता तहानेबद्दल. उन्हातून आलं की रसाचा ग्लास पोटात गेल्यावर जीव थंड झाल्यासारखा वाटतो, ते खरंच आहे. पण घामावाटे शरीरातून जातं ते पाणी आणि मीठ. रसात पाणी आहे, साखर भरमसाट आहे, मीठ नावालाच. जुलाब-उलट्यांत देतात त्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. एक लिटर रसात साखर असते १३० ते १५० ग्रॅम, दहापट! इतकं गोड पाणी आतड्यात गेलं की ते उलट शरीरातलंच पाणी आत ओढतं आणि जुलाब वाढतात. म्हणून लेकराला जुलाब होत असताना ‘अंगात ताकद नाही’ म्हणून रस पाजू नका. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. छोटा चमचा घ्या, माप नीट पाळा. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत साखर, मीठ आणि पाणी यांच्या जोरावर असंख्य जीव वाचवले. दिनविशेषच हवा असेल तर २९ जुलै हा ओआरएस दिन आहे, तो पाठवत चला.

रोजच्या उन्हाला पाणी, ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी, कैरीचं पन्हं. रस ही चैन आहे, पुरणपोळीसारखी. पुरणपोळीला कुणी औषध म्हणत नाही, तसं रसालाही म्हणू नये, म्हणजे त्याची मजा निर्धास्त घेता येते.

निर्धास्त म्हणालो खरा, पण साखरेपेक्षा मला जास्त धास्ती बर्फाची आहे. रसवंतीत फोडतात ती लादी कुठल्या पाण्याची, हे तुम्हाला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा रसवंतीवाल्यालाही नसतं. मासे, दूध, माल थंड ठेवायला जो बर्फ करतात तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं. निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालायचा नाही, एवढं पोरांनाही शिकवून ठेवा. पण पांढरा दिसला म्हणून तो शुद्ध, असंही समजू नका. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत. टायफॉइडचे जिवाणू, काविळीचे विषाणू बर्फात टिकून राहतात. लिंबू-आलं पिळल्यानंही ते मरत नाहीत. लिंबाचा उपयोग वेगळा: ऊस चिरडला की त्यातलं एक विकर हवेशी मिसळून रस काळवंडवतं, लिंबाच्या आंबटपणानं ते मंदावतं आणि रस हिरवट-पिवळा दिसत राहतो. म्हणजे लिंबू पिळलेला शिळा रसही ताजा दिसू शकतो. डोळ्यांदेखत काढलेलाच घ्या. पार्सल नेऊन संध्याकाळी पाहुण्यांना देऊ नका. उन्हाळ्यात तो बघता बघता आंबतो.

ऊसही धुतलेला, साल तासलेला असावा. चरकाला उसावरचं काही वेगळं काढता येत नाही. माती, माशी, किडा, सगळं चाळणीखालच्या भांड्यात. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात २००५ साली उसाबरोबर एक रक्तशोषक किडा चिरडला गेला आणि तो रस प्यायलेल्या लोकांना शागास नावाचा आजार झाला, काही दगावले. तो आजार आपल्याकडे नाही, माशा मात्र भरपूर आहेत.

काविळीचं सविस्तर सांगायलाच हवं, कारण तिथं आपण गोल फिरून त्याच जागी येतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे विषाणू दोन, ‘ए’ आणि ‘ई’. पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. मार्चमध्ये प्यायलेला रस एप्रिलमध्ये डोळे पिवळे करतो, म्हणून त्या ग्लासावर कुणाचाच संशय जात नाही. आणि कावीळ झाली की घरचे त्याच रसवंतीवरून त्याच बर्फाचा रस आणून पाजतात, कारण ‘काविळीला उसाचा रस रामबाण’. तो रामबाण वगैरे काही नाही. ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. भूक मेलेली असताना रसातून थोडी ताकद मिळते, इतकंच. घरी धुतलेल्या उसाचा, बिनबर्फाचा काढून मिळत असेल तर द्या, नसेल तर काही अडत नाही. गळ्यात माळ बांधणं, नाकात थेंब सोडणं, झाडपाल्याच्या पुड्या यांत वेळ घालवू नका. उलट्या थांबत नाहीत, गुंगी येते, बरळायला होतं, रक्त येतं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, मोठं रुग्णालय गाठा. गरोदर बाईला ‘ई’ प्रकारची कावीळ झाली तर ती जिवावर बेतते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. घरात सून-लेक गरोदर असेल तर तिचे डोहाळे घरच्या घरी पुरवा. रस्त्यावरचा बर्फ तिच्यासाठी पूर्ण वर्ज्य.

आता थोड्या गमती, सल्ला फार झाला. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याला हिंदुस्थानात मधमाशांशिवाय मध देणारं बोरू दिसल्याची नोंद आहे. तो आपला ऊस. ‘को ८६०३२’ लावता ना, त्यातला ‘को’ म्हणजे कोईमतूर. तिथलं ऊस पैदास केंद्र १९१२ सालचं, आणि जाड गोड उसाचा रानटी काशाच्या गवताशी संकर करून तिथं आजच्या जातींचा पाया घातला गेला. म्हणजे ग्लासातल्या रसाचा एक पूर्वज ओढ्याकाठचं गवत. पाकिस्तान सरकारनं २०१९ साली लोकांची मतं घेऊन उसाचा रस राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केला. काही बाबतीत शेजाऱ्यांची आवड वाईट नाही. आणि रसवंतीला नाव ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’च का? आपण नगरकर म्हणू, मढीमुळे. पण पुण्या-मुंबईकडच्या कित्येक रसवंत्या पुरंदर तालुक्यातल्या बोपगाव भागातल्या मंडळींनी काढल्या, आणि त्यांच्या गावच्या डोंगरावरही कानिफनाथांचंच देऊळ आहे. तेव्हा हा मान वाटून घ्यावा लागेल. घाणा बैल ओढायचा तेव्हाचे घुंगरू मात्र विजेच्या चरकावरही वाजतायत.

किती प्यावा हे विचारलंच आहे, तर तब्येत धडधाकट असेल, अंगमेहनत असेल, तर आठवड्यातून एक-दोनदा हाफ ग्लास, बिनबर्फाचा. लहान मुलांना त्याहून कमी, आणि नंतर चूळ भरायला लावा. दात बरे असतील तर रसापेक्षा कांडं सोलून चावून खाणं केव्हाही चांगलं, कारण चावता चावता माणूस दमतो आणि साखर आपोआप कमी जाते. किडनीचा आजार असून पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शेवटचा सल्ला रस पिणाऱ्यांना नाही, ऊस लावणाऱ्यांना आहे. निकाराग्वा, एल साल्वाडोरमध्ये मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरण्याबांड ऊसतोड मजुरांच्या किडन्या निकामी होताना आढळल्या. भर उन्हात, पुरेसं पाणी न पिता, तासन्‌तास केलेलं काम हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तिथं उपाय ठरला तो तीन शब्दांचा: पाणी, विश्रांती, सावली. आपल्या फडातही पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडची, बीडची माणसं मार्चपर्यंत कोयता चालवत असतात आणि बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. तुमच्या रानात टोळी उतरली की बांधावर पिण्याच्या पाण्याची दोन पिंपं ठेवा, ताडपत्रीची सावली करा, बायांसाठी आडोसा उभा करा, आणि दुपारी बारा ते तीन काम थांबवा.