घरगुती स्पिरिट-चूल: एका कपाच्या मापाने

उघड्यावर एक कप कॉफी करण्यासाठी घरीच बनवता येणाऱ्या चुलींमध्ये स्पिरिटवर चालणारी चूल सर्वांत सोपी आहे, आणि तिच्या या सोपेपणामुळेच ती बहुधा फारसा विचार न करता बनवली जाते. पत्र्याची एक डबी, भांडे टेकवायला तिवई, वाऱ्याला आडोसा आणि स्टीलचा मग एवढ्या सामग्रीत संच पूर्ण होतो, तो पिशवीच्या कोपऱ्यात मावतो आणि त्यात बिघडण्यासारखा एकही भाग नसतो. तथापि असे संच वापरताना जे अपघात होतात, ते डबी नीट कापली गेली नाही म्हणून क्वचितच होतात. त्यांचे मूळ बहुतेक वेळा इंधन ओतण्याच्या रीतीत असते. म्हणून या संचाची आखणी डबीपासून न करता इंधनाच्या मापापासून करावी, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती बनलेले मत आहे.

स्पिरिटची चूल ही काही नवी कल्पना नाही. स्वीडनमधील ट्रांगिया या कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणलेला पितळी बर्नर आजही जवळपास त्याच स्वरूपात वापरला जातो. महाराष्ट्रातील जुन्या घरांमध्येही पंपाचा स्टोव्ह पेटवण्यापूर्वी त्याचा बर्नर तापवण्यासाठी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे या इंधनाचा वास आणि त्याची निळसर ज्योत मागच्या पिढीला परिचित आहे. फरक इतकाच, की तेथे स्पिरिट काही क्षणांपुरते जळत असे. येथे पाण्याला उकळी येईपर्यंतचे सर्व काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे असते.

या चुलीत वापरले जाणारे इंधन म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल, म्हणजेच डिनेचर्ड स्पिरिट होय. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात कडू, उग्र वासाची किंवा विषारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांत पुष्कळदा मिथेनॉल असते. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते, ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते आणि अगदी थोड्या प्रमाणातही दृष्टी किंवा प्राण घेऊ शकते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ही घटना या द्रव्याच्या घातकतेची साक्ष आहे. पाण्यासारखाच दिसणारा हा द्रव पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून नेणे हा म्हणूनच अक्षम्य निष्काळजीपणा ठरतो. हात निर्जंतुक करण्याचे जेल पर्याय म्हणून वापरण्याचा मोह काहींना होतो, परंतु त्यात पाणी आणि ग्लिसरीन असल्याने ते नीट जळत नाही, आणि पेटलेले जेल त्वचेला चिकटून राहते. रॉकेल, पेट्रोल आणि रंगकामाचा थिनर यांना या चुलीत मुळीच स्थान नाही.

स्पिरिटचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. एका गडाच्या माचीवर दुपारच्या वेळी प्रस्तुत लेखकासमोर घडलेला प्रसंग असा, की पाणी पुरते उकळण्याआधीच चूल विझली अशी समजूत होऊन एका सोबत्याने बाटलीतून थेट बर्नरमध्ये स्पिरिट ओतले. ज्योत विझलेली नव्हती, ती ओघावरून चढत बाटलीच्या तोंडापर्यंत गेली आणि दचकून टाकलेली बाटली पेटतच बाजूच्या गवतात जाऊन पडली. शेजारी ओला टॉवेल होता म्हणून प्रकरण मनगटावरच्या फोडांवर निभावले.

असे का घडते हे समजून घेतल्याशिवाय पुढील सूचनांचे महत्त्व पटणार नाही. इथेनॉलची वाफ सुमारे १३ ते १७ अंश सेल्सिअस तापमानापासूनच ठिणगीने पेट घेण्याइतकी होते, म्हणजे महाराष्ट्रातील जवळपास कोणत्याही दुपारी हे इंधन पेटण्यास सज्ज असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट बाटलीच्या रिकाम्या भागाची आहे. इथेनॉलची वाफ हवेत साधारणपणे ३ ते १९ टक्के असली, की ते मिश्रण पेटू शकते, आणि ३० अंश तापमानाला अर्धवट रिकाम्या बाटलीत ही वाफ सुमारे १० टक्के असते. पेट्रोलच्या बंद डब्यात वाफ इतकी दाट असते की तेथे प्राणवायू अपुरा पडून आतील मिश्रण सहसा पेटत नाही. स्पिरिटच्या बाटलीत मात्र हवा आणि वाफ नेमक्या पेटण्याच्या प्रमाणात असतात, त्यामुळे ज्योत आत शिरताच बाटलीतील द्रव पेटत्या फवाऱ्याच्या रूपाने बाहेर फेकला जातो आणि समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो. ओतणाऱ्यापेक्षा समोरच्याला अधिक भाजण्याचे प्रकार यामुळेच होतात.

यावरून एकच नियम निघतो, तो असा की एका वेळच्या कॉफीला एकदाच आणि मोजून इंधन घालावे, आणि ते कमी पडले तरी तापलेल्या बर्नरमध्ये पुन्हा ओतू नये. हा नियम पाळता यावा यासाठी माप आधीच ठाऊक असले पाहिजे, आणि ते हिशोबाने काढता येते. २५० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ७३ किलोज्यूल उष्णता लागते. एक मिलिलिटर इथेनॉल जळून सुमारे २१ किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे कागदावर साडेतीन मिलिलिटर इंधन पुरेसे आहे. प्रत्यक्षात छोट्या उघड्या चुलीची निम्म्याहून अधिक उष्णता हवेत जाते, वारा असल्यास त्याहूनही अधिक जाते, आणि बाजारातील स्पिरिटमध्ये थोडे पाणीही असते. म्हणून एका कपाला १५ मिलिलिटर हे माप धरावे. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारी खुणांची टोपी या कामासाठी उत्तम असते आणि संचातील सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच होय. पाणी कोमट राहिल्यास ज्योत पूर्ण विझू द्यावी, बर्नर हाताला गार लागेपर्यंत थांबावे, मगच दुसरे माप टोपीत घेऊन ओतावे आणि त्यापूर्वी बाटली बूच लावून चार-पाच पावले दूर ठेवावी. कॉफी दहा मिनिटे उशिरा मिळण्यापलीकडे यात काहीही गमावले जात नाही.

बर्नरचे दोन प्रकार प्रचलित आहेत. शीतपेयाच्या दोन कॅनचे तळ एकमेकांत बसवून केलेला दुहेरी भिंतीचा बर्नर दिसायला आकर्षक असतो. त्यात भिंतींमधले स्पिरिट ७८ अंशांना उकळते आणि कडेला टाचणीने पाडलेल्या छिद्रांतून वाफेच्या ज्योती निघतात. परंतु तो कलंडला तर पेटते इंधन सभोवार पसरते, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय अशा कॅनला आतून प्लॅस्टिकसदृश लेप असतो आणि तो पहिल्या वापरात जळून त्रासदायक धूर देतो. दुसरा प्रकार म्हणजे शोषक भरलेली डबी. बूटपॉलिशची रिकामी डबी गरम पाणी आणि साबण यांनी मेण पूर्ण निघेपर्यंत धुवावी, तिचा रंग जाळून काढण्यासाठी ती एकदा उघड्या जागी रिकामीच तापवावी, तिच्यात काचतंतू किंवा दगडी लोकर, म्हणजे भट्ट्यांच्या उष्णतारोधनासाठी मिळणारे न जळणारे तंतू, सैलसर भरावेत आणि वर स्टीलची बारीक जाळी कापून घट्ट बसवावी. इंधन तंतूंत शोषले गेल्याने डबी आडवी झाली तरी ते वाहत नाही, आणि ज्योतही संथ राहते. हे तंतू हाताळताना हातमोजे आणि नाकाला फडके आवश्यक आहे. जुन्या सामानात सापडणारी ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा मात्र वापरू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. डबीचा कोणताही सांधा डाग देऊन जोडलेला नसावा, कारण शिसे-कथलाचा डाग २०० अंशांच्या आतच वितळतो.

तिवई सायकलचे आरे वाकवून किंवा स्टीलच्या जाड जाळीची पट्टी गोल वळवून करता येते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळते, परंतु ज्योतीच्या अगदी जवळ तापल्यावर जस्ताची वाफ श्वासात जाण्याचा धोका असल्याने ती टाळणे इष्ट आहे. बर्नरच्या तोंडापासून भांड्याच्या तळापर्यंत तीन ते चार सेंटिमीटर अंतर असावे. त्याहून कमी ठेवल्यास ज्योत गुदमरते आणि तळावर काजळी धरते. वाऱ्याचा आडोसा जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करून भांड्याभोवती बोटभर जागा सोडावी आणि त्याच्या खालच्या कडेला हवेसाठी भोके पाडावीत. आडोसा फार घट्ट केला तर उष्णता बर्नरकडे परतते, स्पिरिट खदखदू लागते आणि ज्योती भांड्याच्या कडेने वर चढतात. बर्नरपेक्षा मोठी अशी स्टीलची वाटी संचात अवश्य असावी, कारण फुंकर मारल्याने ज्योत विझण्याऐवजी पेटती वाफ पुढे ढकलली जाते, तर वाटी उपडी घातल्याने ती निमूट विझते. वापरापूर्वी बर्नर सपाट दगडावर ठेवून तो हलत नाही याची खात्री करावी आणि ज्योत आहे की नाही हे पाहण्यासाठी बोट न वापरता गवताची ओली काडी वरून फिरवावी.

भांडे रुंद बुडाचे असावे. उंच आणि अरुंद मोका पॉट या तिवईवर डळमळतो, आणि दूध तापवायला घेतल्यास ते ऊतू जाऊन बर्नरमध्ये पडते. म्हणून या चुलीवर फक्त पाणी तापवावे आणि दूध हवे असल्यास दुधाची पूड वापरावी. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर पाणी साधारण साडेचौऱ्याण्णव अंशांना उकळते, त्यामुळे तेथे उकळी फुटताच पाणी कॉफीसाठी योग्य तापमानाला आलेले असते. २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम जाडसर पूड घेऊन ती मगमध्येच चार मिनिटे मुरू द्यावी, वर आलेला थर चमच्याने मोडावा आणि गाळ बसल्यावर कॉफी सावकाश ओतून घ्यावी. चिकोरी मिसळलेल्या पुडीपेक्षा निव्वळ कॉफीची पूड यासाठी बरी, कारण तिचा गाळ लवकर खाली बसतो.

तंबूच्या आत ही चूल पेटवू नये, पाऊस असला तरीही. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू तयार होतो आणि तो साचल्याचे माणसाला कळण्यापूर्वीच गुंगी येते. त्याशिवाय तंबूचे आणि ट्रेकिंगच्या शर्टांचे कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटते. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा; टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये. गडावरची टाकी उन्हाळ्यात आटलेली असतात, म्हणून पिण्याच्या पाण्याखेरीज एक बाटली या कारणासाठी बरोबर असावी.

वाहतुकीचा प्रश्न अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ज्वालाग्राही पदार्थ घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा रेल्वे अधिनियम १९८९ खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मुंबईहून लोकलने कसारा किंवा कर्जत गाठणाऱ्याला स्पिरिटची बाटली पिशवीत ठेवता येत नाही, आणि विमानातही तिला परवानगी नाही. खासगी वाहनाने जाणाऱ्याने तेवढ्या दिवसापुरतेच स्पिरिट फिरकीच्या झाकणाच्या मजबूत बाटलीत न्यावे, तिच्यावर 'विष – इंधन' असे ठळक लिहावे आणि ती मगच्या आत न ठेवता पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवावी. संच आटोपशीर दिसावा म्हणून बाटली मगमध्येच बसवण्याची आवड पुष्कळांना असते, परंतु गळलेल्या मिथेनॉलचा अंश ज्या भांड्यातून प्यायचे त्यालाच लागावा, अशी रचना कितीही सुबक असली तरी त्याज्य आहे.

जागेची निवड हा याहून गंभीर विषय आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात आगीबाबत कडक निर्बंध आहेत, आणि भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या लोकप्रिय वाटा अभयारण्यातूनच जातात. तेथे चूल लहान आहे ही सबब ठरत नाही. सह्याद्रीतील गवत हिवाळा सरता सरता वाळते आणि तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत एका ठिणगीने डोंगरउतार पेटतो. अशा वणव्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव, कोवळी रोपे आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी राखलेला चारा हे सर्व जाते, आणि ती हानी कोणत्याही कॉफीने भरून निघणारी नाही. या महिन्यांत चूल घरीच ठेवावी. पायथ्याच्या गावात उकळते पाणी भरून घेता येईल असा निर्वात भिंतींचा चांगला थर्मास आधी गरम पाण्याने विसळून तापवावा, मग काठोकाठ भरून घट्ट बंद करावा. काही तासांनी त्यातले पाणी उकळीपेक्षा बरेच उतरलेले असले तरी कॉफीला पुरते. फक्त पूड थोडी बारीक दळून घ्यावी आणि चारऐवजी सहा-सात मिनिटे मुरू द्यावी.