बर्फ लोटणारे पाते आणि जुना ट्रॅक्टर

अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात घराच्या दारापासून हमरस्त्यापर्यंतची वाट हिवाळ्यात एका रात्रीत बर्फाखाली जाते. १५ मीटर लांब व ३ मीटर रुंद वाटेवर १५ सेंटिमीटर बर्फ पडला, तर त्याचे घनफळ ६·७५ घनमीटर भरते. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरास १०० किलोग्रॅम धरले तरी ही रास पावणेसातशे किलोग्रॅमची होते. ओला बर्फ याच्या तिप्पटही भरतो. फावड्याने तो उपसण्याचे श्रम हृदयास झेपत नाहीत आणि दर हिवाळ्यात त्यापायी काही माणसे दगावतात. म्हणूनच उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या लहान ट्रॅक्टरला तेथील लोक पुढे लोखंडी पाते जोडतात.

'कब कॅडेट' १९६१ साली आणि जॉन डीअर कंपनीचा '११०' १९६३ साली बाजारात आला. दोहोंची आरंभीची एंजिने अवघी ७ अश्वशक्तीची; तरीही त्यांतले कित्येक आजही कामावर आहेत.

पाते पुढे दिसते, म्हणून ते पुढच्या आसालाच बांधावे असे प्रथमदर्शनी वाटते. तसे मात्र करू नये. हा आस बहुधा मध्यभागी एकाच खिळीवर डुलता बसविलेला असतो. लोटण्याचा धक्का सोसण्यासाठी तो घडविलेलाच नाही. म्हणून आधी पोटाखालचे गवत कापण्याचे यंत्र उतरवितात, त्या जागी पात्याची लांब चौकट सरकवितात, आणि तिची मागील टोके मुख्य सांगाड्याला किंवा मागील आसाच्या घराजवळ खिळींनी अडकवितात. असे केले म्हणजे चाकांचा जोर थेट पात्याकडे जातो. हात घालण्यापूर्वी ठिणगीच्या प्लगची तार काढून ठेवावी, हे सांगावयास नकोच. जुन्या यंत्रात खिळींची भोके झिजून लांबट झालेली असतात व गंजाखाली तडे लपतात. ते आधी दुरुस्त करावेत. नवा रंग मागाहून.

आता खरा प्रश्न पकडीचा. मागील चाकांवर २५० किलोग्रॅम भार आहे व दाबलेल्या बर्फावर रबराचा घर्षणांक ०·२ आहे असे समजू. मग लोटण्याचा जोर फार तर ५० किलोग्रॅम-भाराइतका मिळेल. याहून बलवान एंजिन बसविले तरी चाके जागीच फिरतील! शिवाय ४० किलोग्रॅमचे पाते उचलून मागे येताना तरफेचा नियम आड येतो. पाते पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे व दोन आसांतील अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर मागील चाकांवरचा भार २० किलोग्रॅमने हलका होतो. उलट मागील आसाच्या ३० सेंटिमीटर मागे ४० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर तो ५० किलोग्रॅमने वाढतो. (विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे.) आमच्याकडे शेतकरी ढेकळे फोडताना मैंदावर उभा राहतो, तोही वजनाचाच उपयोग करतो. वजनाबरोबर मागील चाकांना साखळ्या घातल्या की त्यांचे दुवे बर्फात रुततात.

बर्फाखाली काय दडले आहे ते दिसत नाही. दगडाला किंवा फरशीच्या कडेला पाते अडले तर ट्रॅक्टर थबकतो आणि चालक पुढे आदळतो. याकरिता पात्याच्या पाठीशी जाड स्प्रिंगा असतात. अडथळा लागताच पाते कलते, त्यावरून घसरते व पुन्हा उभे राहते. स्प्रिंगा इतक्या आवळू नयेत की पाते कलणारच नाही; आमच्या मते या जोडणीतील सर्वांत नाजूक काम हेच. पात्याखालचे लोखंडी जोडे खडीच्या वाटेवर बोटभर खाली सोडावेत, म्हणजे खडी खरवडली जात नाही. काँक्रीटवर पाते जवळजवळ टेकवावे.

पाते तिरके ठेवले की बर्फ एका बाजूस सरकत जातो. पहिल्या हिमपाताचा बर्फ मात्र वाटेच्या कडेपासून शक्य तितका दूर लोटावा. कडेलाच ठेवलेले ढीग रात्री गोठून दगडासारखे होतात, ते मग पात्याने हलत नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक हिमपाताबरोबर वाट अरुंद होत जाते.